तेविसावं कार्ड

पहिलीचा वर्ग घ्या म्हटलं की भल्याभल्या मास्तरांच्या पोटात दुखायला लागतं. सातवीला गणित शिकवणं सोपं हो! पण डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात घालून येणारी, "बाई, ह्यो माझ्याकडं बघतोय" म्हणून फिर्याद करणारी, मध्येच आईची आठवण झाली की भोकाड पसरणारी तेवीस पोरं एका सतरंजीवर बसवून दाखवा म्हणावं. अंजनाबाई हे काम सव्वीस वर्षं करत होत्या, आणि तेही दर जूनला मागून घेऊन. बाकीच्या शिक्षिका म्हणायच्या, "ह्यांना काय, पोरांत बसायचा नाद हाय." खरंच होता. नादाशिवाय पहिली निभत नाही.

कळंब्याच्या तळ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला ती शाळा. चार खोल्या, एक चिंच, मागं पाण्याची सिमेंटची टाकी. बाईंची खोली लांबूनही ओळखू यायची, कारण तिथनं कायम पोरांचा कालवा ऐकू यायचा. आत बाक नव्हते. एका कोपऱ्यात चिंचोके, बाटल्यांची बुचं, दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे. दुसऱ्या कोपऱ्यात परातीत बारीक वाळू. पोरं तिच्यात बोटानं अक्षर काढायची, चुकलं की परात हलवायची, की झालं कोरं. बाई म्हणायच्या, "पाटीवर चुकलं तर पोर भितंय. वाळूत चुकलं तर हसतंय." पोराला आलं की त्या टाळी वाजवून ओरडायच्या, "ए शाब्बास माझ्या वाघा!" पोरगी असली तरी वाघच.

आणि दाराशेजारी हजेरीचा तक्ता. तो बाईंच्या जिवाचा तुकडा. जुन्या निळ्या चादरीला खिसे शिवून त्यांनी तो स्वतः घरच्या मशीनवर केलेला. डाव्या अंगाला लाल कौलांचं घर, उजव्या अंगाला झेंड्याची शाळा. प्रत्येक पोराच्या नावाचं एक कार्ड, त्यावर त्याच्या आवडीचं चित्र. सकाळी आलं की पोरानं आपलं कार्ड घरातनं काढून शाळेत घालायचं, सुटताना परत घरात. अक्षर ओळखायच्या आधी पोरं आपलं नाव ओळखायला शिकायची ती इथंच. राजवीरच्या कार्डावर गदा, कुणाच्या कार्डावर पतंग, कुणाच्या वडापाव. बाईंचंही एक होतं, चष्म्याचं. त्याही रोज रांगेत उभ्या राहून आपलं कार्ड हलवायच्या. मध्ये घुसल्या तर पोरं मागं ढकलायची.

आता बाईंच्या वडिलांबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. भाऊसो त्यांचं नाव. वय ऐंशीच्या घरात, राहायला लेकीकडंच. पन्हाळ्याच्या पायथ्याचं त्यांचं गाव. तिसरीत असताना त्यांच्या शाळेत साहेब येणार होता. आदल्या दिवशी मास्तरांनी भाऊसोंना बाजूला घेतलं, डोक्यावरनं लांबनंच हात फिरवल्यासारखं केलं आणि गोड आवाजात सांगितलं, "भाऊ, उद्या घरीच थांब हं बाळ." का, ते सांगितलं नाही. महारवाड्यातल्या पोराला तेव्हा ते सांगावं लागत नसे. दुसऱ्या दिवशी भाऊसो बांधावर बसून लांबनं बघत राहिले. साहेबाच्या नावानं पोरांना बुंदीचा एकेक लाडू वाटला. भाऊसोंच्या वाटणीचा काही कुणी ठेवला नाही. "मारलं असतं तर इसरलो असतो," ते म्हणायचे. "गोड बोलला न्हवं, म्हणून ऱ्हायलं. त्यो लाडू न खाताच घशात अडकलाय बघ अजून."

ही गोष्ट अंजनाबाई शिक्षकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगायच्या. शेवटी म्हणायच्या, "म्हणून मी पहिलीची बाई झाले. माझ्या वर्गातनं एकही पोर बांधावर जाणार नाही." लोक डोळे पुसायचे, टाळ्या पडायच्या. एकदा शालही मिळाली. ती शाल कपाटात वरच्या फळीवर होती. तिचा विषय परत निघेल.

दिवाळीनंतर वर्गात पूर्णिमा आली. तिचा बाप पिराजी गडहिंग्लजच्या पलीकडचा, अगदी हद्दीवरचा. कळंब्याजवळ एकाच्या म्हशींच्या गोठ्यावर कामाला लागलेला. आई पारव्वा शेण काढायची, धारा काढायची. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. पोरगी आधी कुठल्या शाळेत गेलेलीच नाही म्हटलं तरी चालेल. केसांना चोपडलेलं तेल, दोन घट्ट वेण्या, आणि तोंडाला कुलूप.

बाईंनी विचारलं, "कार्डावर काय काढू गं तुझ्या?"

"एम्मी," ती म्हणाली.

पोरं हसली. बाईंनी खुणेनं शिंगं करून दाखवली, तेव्हा तिनं मान हलवली. म्हैस! बाईंनी म्हैस काढली. पूर्णिमानं नीट बघितली आणि म्हणाली, "शिंगं अशी नसत्यात." मग दोघींनी मिळून शिंगं दुरुस्त केली. त्या दिवसापासून बाईंचा जीव तिच्यावर बसला. चिंचोके मोजताना ती दहाच्या पुढं अडायची. बाईंनी "म्हशी मोज" म्हटलं की डोळे मिटून गोठ्यातल्या अठ्ठावीस म्हशी दावणीच्या क्रमानं मोजून दाखवायची, वर दोन रेडकं वेगळी. वाचायला मात्र वेळ लागत होता. बाकीची पोरं जूनपासनं चाललेली, ही नोव्हेंबरात आलेली. वाळूत "म" आणि "प" येत होते, "घ" कधी यायचा कधी नाही. बाईंना घाई नव्हती. पोर उन्हाळ्यापर्यंत वाचणार, हे त्यांना हाताची बोटं मोजावीत इतकं पक्कं ठाऊक होतं.

आणि मग जानेवारीत पडताळणी आली.

साहेब येणार, पहिलीच्या प्रत्येक पोराला पाच शब्द आणि दोन वाक्यं वाचायला लावणार. सगळी पोरं वाचली तर शाळेचं नाव भागातल्या शंभर टक्क्यांच्या यादीत. मुख्याध्यापक धैर्यशील सर काही वाईट माणूस नव्हे. पण शाळेच्या दारावरनं रोज सकाळी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या पोरं भरून जायच्या, आणि सरांचा जीव खालीवर व्हायचा. पट घसरत चाललेला. शंभर टक्क्यांचा फलक दारावर लागला तर जूनला चार पोरं जास्त येतील, एवढाच त्यांचा हिशोब.

"बाई, किती वाचतात?" सरांनी विचारलं.

"बावीस. पूर्णिमा सोडून सगळी."

सर खिडकीतनं बाहेर बघत म्हणाले, "एकीपायी अडणार म्हणा. नुसतं हजर पोरांचंच बघतात तसं." आणि मग, "बघा तुमचं तुम्ही."

झालं! एवढंच बोलले. चांगली माणसं वाईट काम करून घेतात तेव्हा एवढंच बोलतात. "बघा तुमचं तुम्ही." हात धुतलेले ते धुतलेलेच.

बाई दिवसभर स्वतःची समजूत घालत राहिल्या. पोरगी नव्या माणसापुढं भेदरंल. रडू कोसळंल. पोरं हसतील. साहेबापुढं एकदा का गप्प झाली की परत तोंड उघडायची नाही. तिच्याच भल्यासाठी... माणसाला स्वतःला फसवायचं असलं की कारणांचा दुष्काळ कधी पडत नाही.

सोमवारी शाळा सुटताना त्यांनी पूर्णिमाला बाजूला घेतलं. डोक्यावर हात ठेवला, तिची सुटलेली रिबीन नीट बांधली आणि म्हणाल्या, "पूर्णिमा बाळ, उद्या पाहुणे येणार आहेत. तू उद्या घरीच आराम कर हं. परवा ये." पोरीनं मान हलवली. मग बाईंनी तक्त्यातनं म्हशीचं कार्ड काढलं. घराच्या बाजूला एकच कार्ड राहिलेलं साहेबाच्या डोळ्यात भरलं असतं. खुर्चीला पर्स अडकवलेली होती, तिच्या बाहेरच्या कप्प्यात त्यांनी ते सारलं. दारात पूर्णिमा अजून चप्पल घालत होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मंगळवारी बावीस पोरांनी फाडफाड वाचलं. राजवीरनं तर साहेबांना उलट विचारलं, "तुमी वाचून दावा की!" साहेब हसले, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, पोरांना खिचडीबरोबर जिलेबी मिळाली. आठवड्यात दारावर फलक लागला. पहिलीच्या अंजनाबाईंचं नाव त्यावर लाल अक्षरात.

बुधवारी पूर्णिमा आली, तक्त्यापाशी उभी राहिली, घराचे सगळे खिसे बघितले आणि गप जाऊन बसली. सकाळच्या गर्दीत बाईंनी बघितलं नाही. कार्ड परत ठेवायचं त्या विसरूनच गेल्या होत्या. हो, विसरल्या! आणि हीच गोष्ट पुढं त्यांना सगळ्यात जास्त लागली. मुद्दाम केलेलं निदान आठवणीत तरी राहतं.

त्या संध्याकाळी सुटताना पूर्णिमा बाईंजवळ आली. "बाई, उद्या येऊ?"

"ये की गं! विचारतीस काय?"

गुरुवारी परत. "बाई, उद्या येऊ?" शुक्रवारी परत. बाईंना त्याची मोठी गंमत वाटायला लागली. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी कौतुकानं सांगितलंही, "बघा, सहा वर्षांची पोर, पण रीत किती! विचारल्याशिवाय येत नाही." सगळ्या हसल्या. बाईही हसल्या.

पुढच्या आठवड्यातला शनिवार आला. शनिवारी दप्तर नसायचं. शनिवार म्हणजे खेळ, आणि खेळांत पोरांचा लाडका "बाई-बाई". चिठ्ठी निघंल त्या पोरानं बाई व्हायचं आणि बाईंनी पोरांत सतरंजीवर बसायचं. बाई मुद्दाम चुकायच्या. मग पोरं आनंदानं त्यांना ओरडायची, कान धरायला लावायची, एकदा राजवीरनं तर ओणवं उभं केलं होतं. त्या दिवशी चिठ्ठी निघाली पूर्णिमाची.

बाईंना वाटलं, ही काय उठत नाही. पण पोरगी उठली. टेबलावरचा टॉवेल खांद्यावर पदरासारखा घेतला, बाईंचा मोकळा चष्म्याचा डबा हातात धरला आणि टाळी वाजवून ओरडली, "ए शाब्बास माझ्या वाघा!" अगदी हुबेहूब. मान वाकडी करायची लकबसुद्धा तीच. वर्ग खदखदा हसला. बाईंच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. तीन महिने गप्प बसलेल्या पोरीनं बाईंना नखशिखांत टिपलं होतं.

"अंजना, तू वाच," पूर्णिमानं घराच्या चित्राचं पान पुढं धरलं.

"गाढव," बाई म्हणाल्या.

पोरं सतरंजीवर लोळली. "चूक! चूक! बाई, कान धरायला लावा हिला!"

पूर्णिमानं कान धरायला लावले नाहीत. ती बाईंजवळ येऊन उकिडवी बसली. बाईंच्या डोक्यावर हात ठेवला. कानामागची एक बट निसटली होती, ती नीट आत सारली. आणि अगदी मऊ आवाजात, स्वतःच्या हद्दीवरच्या बोलीत नव्हे तर बाईंच्या शुद्ध भाषेत म्हणाली, "अंजना बाळ, उद्या पाहुणे येणार आहेत. तू उद्या घरीच आराम कर हं. परवा ये."

मग उठली, तक्त्यातनं चष्म्याचं कार्ड काढलं, खुर्चीला अडकवलेल्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात सारलं आणि पुढच्या पोराकडं वळली. "हं, आता राजवीर वाच."

"बाईंना सुट्टी! बाईंना सुट्टी!" पोरं ओरडायला लागली.

बाई तशाच मांडी घालून बसून राहिल्या. पूर्णिमाच्या तोंडावर राग नव्हता हो! सूड नव्हता, टोमणा नव्हता. तिला वाटत होतं, बाई होणं म्हणजे हेच असतं. टाळी वाजवायची, शाब्बास म्हणायचं, आणि ज्याला येत नाही त्याला गोड बोलून घरी बसवायचं. बाईंनीच शिकवलेलं ते, आणि पोरीला एका खेपेत आलेलं.

वर्ग सुटला. जाताना पूर्णिमानं विचारलं, "बाई, सोमवारी येऊ?" त्यांनी नुसती मान हलवली. मग दार लोटून पर्स उघडली. चष्म्याचं कार्ड वर होतं. त्याच्या खाली, वेलदोड्याच्या सालीला आणि जुन्या तिकिटाला चिकटलेलं, कोपरा मुडपलेलं म्हशीचं कार्ड. बारा दिवस पोरीचं नाव त्यांच्या काखेत होतं, बाजारात, बसमध्ये, लग्नाच्या जेवणात. आणि बारा दिवस ती पोरगी बिननावाची वर्गात येऊन बसत होती, रोज परवानगी मागून. रीत कुठली आलीय! बाईंना शिक्षकांच्या खोलीतलं आपलं हसणं आठवलं आणि शरमेनं कानाच्या पाळ्या तापल्या.

दुपारीच त्या गोठ्यावर गेल्या. सांगून टाकायचं, माफी मागायची, असं ठरवूनच. पारव्वा शेणानं भरलेले हात तसेच घेऊन धावत आली. "बाई आल्या! अगं बया, बाई आल्या!" पालथ्या बादलीवर धुतलेलं पोतं टाकलं, त्यावर बसवलं, निम्म्या दुधाचा चहा ठेवला. पूर्णिमा एका म्हशीच्या मानेला टेकून उभी.

"लई नाव काढत असती बगा तुमचं," पारव्वा म्हणाली. "रातीला निजतानाबी बाई-बाईच खेळती, रेडकास्नी शिकिवती."

बाईंनी कशीबशी सुरुवात केली. "ते मंगळवारी... पडताळणीच्या दिवशी मी हिला..."

"व्हय की! साहेब येणार हुता न्हवं? मीच न्हाऊ घालून, नवा फ्रॉक घालून धाडली. कसं वाचलं वो हिनं? इचारलं तर काय सांगतच न्हाई."

पोरगी त्या दिवशी घरी नव्हती, आणि वर्गातही नव्हती.

बाई सांगायला गेल्या होत्या. पण त्या आईच्या तोंडावरचा अभिमान बघून त्यांनी कच खाल्ली. "चांगली पोरगी आहे," एवढं म्हणून उठल्या. भित्रेपणा तो भित्रेपणाच, त्याला दुसरं नाव नाही. पूर्णिमा रस्त्यापर्यंत पोचवायला आली. तिथं बाईंनी विचारलं, "त्या दिवशी कुठं होतीस गं तू?"

"टाकीमागं."

"दिवसभर?"

"घरात आव्वा मारती की, शाळा बुडिवली म्हणून. आन् शाळंत तुमी नगं म्हटलासा." मग जरा खुशीत येऊन म्हणाली, "टाकीमागं तुमचा आवाज येतोय. टाळ्या वाजल्या तवा मीबी वाजिवल्या."

बाई घरी कशा पोचल्या, त्यांनाच माहीत.

रविवारी सकाळी भाऊसो दारात पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. बाई त्यांच्याजवळ बसल्या आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, ना पर्स, ना टाकी. म्हातारा सोलत राहिला. मग त्यानं एकच विचारलं.

"जिलेबी ठिवलीतीस काय तिच्या वाटणीची?"

"न्हाई, दादा."

भाऊसोंनी आणखी चार शेंगा सोलल्या. दाणे ताटात टाकले. मग लेकीकडं न बघताच म्हणाले, "माझी गोष्ट आता कुठं सांगत जाऊ नगंस."

बाई तोंडात पदर कोंबून रडल्या. बापानं आयुष्यात कधी त्यांच्यावर हात उगारला नव्हता; त्या दिवशी उगारला असता तर बरं झालं असतं असं वाटलं. शाल त्यांनी कपाटातनं काढली आणि कुठं ठेवावी ते न कळून परत तिथंच ठेवली.

सोमवारी शाळेच्या दारातच त्यांनी पारव्वाला थांबवलं आणि उभ्याउभ्या सांगितलं. पारव्वा आधी हसली, तिला चेष्टा वाटली. मग तिचं तोंड उतरत गेलं. "तरीच," ती म्हणाली. "त्या दिशी आल्या आल्या भाकरीवर तुटून पडलीती. मला वाटलं, खेळून आलीया." बाईंनी हात जोडले. पारव्वानं ते हात बघितले, पदर डोक्यावर ओढून निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर झेलायला बाई तयार होत्या. तिनं तेवढीही सोय ठेवली नाही.

धैर्यशील सरांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची! फलक लागलाय. सगळ्या गावाला दिसलाय."

"तोच उतरवायचा आहे, सर."

"आणि मी काय सांगू वर?"

"तुम्ही काही सांगू नका. पोरीला मी घालवली. बघा तुमचं तुम्ही, असं तुम्ही म्हणाला होतात. तर मी बघते." साहेबांना फोन त्यांनी सरांच्या समोरच लावला. असा फोन त्यांना नोकरीत पहिल्यांदाच आला असावा.

वर्गात गेल्यावर बाईंनी पोरांना गोल बसवलं आणि मुडपलेलं कार्ड सगळ्यांना दाखवलं. "हे कार्ड मी घेतलं होतं. पूर्णिमाला मी घरी बस म्हणाले होते, कारण तिला वाचता येत नव्हतं. मी चुकले. वाचता येत नाही, त्यानंच शाळेत यायचं असतं. पूर्णिमा, माझी चूक झाली गं बाई."

मग राजवीर म्हणाला, "बाई, मग कान धरा की!" खेळातला नियम तो, पोरांच्या लेखी सोपा. बाईंनी कान धरले. पोरं हसली. पूर्णिमा हसली नाही. ती उठली, कार्ड घेतलं, मुडपलेला कोपरा मांडीवर ठेवून अंगठ्यानं सरळ केला आणि शाळेच्या खिशात नेऊन घातलं.

गुरुवारी साहेब परत आले. पूर्णिमानं पाचांतले दोन शब्द वाचले, एक घाबरत आणि एक मोठ्यानं. "घर"पाशी अडली. साहेबांनी कागदावर लिहिलं, बाईंकडं बघून मान हलवली आणि गेले. शनिवारी शिपायानं शिडी लावून फलक उतरवला. सर बाईंशी कामापुरतं बोलायला लागले, बाकीच्या शिक्षिका चहाला हाक मारायच्या विसरायला लागल्या. बाईंची त्याला तक्रार नव्हती. एवढं तर भोगायलाच पाहिजे, असंच त्या मनाला सांगायच्या.

पण खरं काय राहिलं, ते त्या सोमवारीच कळलं होतं. शाळा सुटली, पोरांनी धक्काबुक्की करत आपापली कार्डं घराच्या बाजूला घातली. बाई दाराशी उभ्या होत्या. पूर्णिमा येणार, विचारणार, "उद्या येऊ?" आणि आज आपण नीट उत्तर देणार, गुडघ्यावर बसून, "विचारायचं नसतं गं, शाळा तुझीच आहे" असं. सगळं मनात जुळवून ठेवलेलं.

पूर्णिमानं विचारलंच नाही. तिनं शाळेच्या खिशातनं म्हशीचं कार्ड काढलं, घराच्या खिशाकडं बघितलं, मग खुर्चीला अडकवलेल्या पर्सकडं बघितलं. आणि कार्ड फ्रॉकच्या आत, पोटाशी धरून, वर हात दाबून चालायला लागली. दारात बाईंना वळसा घालून गेली.

सकाळी तिनं ते तसंच फ्रॉकमधनं काढलं आणि शाळेच्या खिशात घातलं. संध्याकाळी परत घेऊन गेली. एप्रिलपर्यंत ती फाडफाड वाचायला लागली, "घर"सुद्धा. पण कार्ड एकही रात्र शाळेत राहिलं नाही. घामानं म्हशीचं एक शिंग पुसलं, तरी नवं करून देते म्हटल्यावर पोरीनं मान हलवली, नको.

बाईंनी तिला कधी अडवलं नाही, समजावलंही नाही. कुठल्या तोंडानं समजावणार? रोज संध्याकाळी त्या सतरंज्या गुंडाळतात, वाळूची परात सारखी करतात, तक्त्यातल्या घराच्या बाजूची पोरांची कार्डं मोजतात. बावीस भरतात. मग दाराला कुलूप लावतात.